दुसऱ्या टोकाला कोण होतं

रंजनाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या टेबलाखाली होत्या.

आलापल्लीच्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायला मी नुकताच रुजू झालो होतो. पहिल्याच दिवशी कुठल्याशा ऑनलाइन यादीत माझी माहिती भरायची होती, म्हणून शिपायानं मला कम्प्युटर लॅबच्या दारात आणून सोडलं. आत कोणी दिसेना. एका टेबलाखालून साडीचा पदर आणि दोन तळवे तेवढे बाहेर आलेले. मी खुर्ची ओढून बसायला गेलो तर खालून आवाज आला, "पाय इकडं नका ठेवू जी, तार आहे."

मी पाय वर उचलून धरले आणि तसाच बसून राहिलो. थोड्या वेळानं चाळिशीच्या एक सडसडीत बाई मागे सरकत बाहेर आल्या. केसांत कोळ्याचं जाळं, दातांत प्लास्टिकची एक बारीक चिमटी. चिमटी काढून त्यांनी मला विचारलं, "नवीन सर काय? बरं. काम किती मिनटाचं आहे?"

हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारत. प्राचार्यांनाही. प्राचार्यांना तो आवडत नसे.

नाव रंजना खोब्रागडे, पद प्रयोगशाळा सहायक. म्हणजे कागदावर त्यांनी लॅबचं कुलूप उघडायचं, झाडून घ्यायचं आणि तासाला मुलांना बसवायचं. प्रत्यक्षात कॉलेजातलं जे जे विजेवर चालायचं ते रंजनाबाईंमुळे चालायचं. त्यांना हे कोणी शिकवलं नव्हतं. कम्प्युटर शिकवणारे एक सर होते, ते दोन वर्षं टिकले आणि नागपूरला निघून गेले. जाताना कपाटाच्या किल्ल्या बाईंकडे देऊन गेले. कपाटात वायरींचा गुंता, एक क्रिम्पिंगची पक्कड आणि चार इंग्रजी पुस्तकं होती. बाईंनी तीन महिन्यांत गुंता सोडवला आणि पुढच्या दोन वर्षांत पुस्तकं.

ती पक्कड त्या पर्समध्ये ठेवत. पर्समध्ये घरच्या किल्ल्या, गोळ्यांचं पाकीट आणि पक्कड. वायरीच्या टोकाला क्लिप बसवायची तर आठ रंगीत तारा एका क्रमानं ओळीत लावाव्या लागतात. बाई तो क्रम पुटपुटत लावायच्या आणि मधे कोणी बोललं की पहिल्यापासून सुरू करायच्या. प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना कागदाची चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर नंबर. मी एकदा विचारलं, हे कशाला? तर म्हणाल्या, "माझा बाप इथल्या डेपोत होता, सागाच्या लाकडांवर नंबर टाकाचा. म्हणे, ज्याच्यावर नंबर नाई त्याचा जबाबदार कोणी नाई. नंबर टाकला तं मंग मीच जबाबदार होते ना, सर. म्हणून टाकते."

काही बिघडलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "आधी तार पाहा." कोणी कम्प्युटर जुना आहे म्हणो, कंपनी खराब आहे म्हणो, सरकार खराब आहे म्हणो. बाई खाली वाकायच्या. दहातल्या आठ वेळा तारच निघालेली असायची, आणि आपण उगाच सरकारवर घसरलो असं वाटून सर लोक खजील व्हायचे. स्टाफरूममध्ये त्यांची नक्कल चालायची. मीसुद्धा केलेली आहे, चांगली जमायची मला.

त्या स्टाफरूममध्ये बसत नसत. तसा नियम नव्हता. पण तिथल्या खुर्च्या मोजून सर लोकांपुरत्या होत्या आणि अठरावी खुर्ची आणावी असं कधी कोणाच्या मनात आलं नाही. डबा त्या लॅबमध्येच खात.

आता मुख्य गोष्ट. कॉलेजात कम्प्युटर वीस, चालू सहा, आणि इंटरनेटची लाइन एक. ती टेलिफोनच्या तारेवरून प्राचार्यांच्या खोलीत यायची. पावसाळ्यात नाल्याजवळ तार तुटायची आणि मग कोणी येऊन जोडेपर्यंत कॉलेज जगापासून सुटं. त्या वर्षी जुलैत तुटली ती दिवाळी आली तरी जोडली गेली नाही. इकडे शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षेचे फॉर्म, प्रॅक्टिकलचे गुण, सगळं ऑनलाइन. कॉलेजच्या नावानं दुसरी सोय करायची तर ठराव हवा, ठरावाला संस्थेची बैठक हवी, आणि बैठक कधी होईल ते संस्थेलाही माहीत नव्हतं. शेवटी रंजनाबाईंनी स्वतःच्या नावानं, स्वतःच्या आधार कार्डावर एक सिम घेतलं, डोंगलमध्ये घातलं आणि लॅबच्या लॅपटॉपला लावलं.

एका डोंगलवर एकच लॅपटॉप चालायचा. काम मात्र सतरा जणांचं. तेव्हा बाईंनी ते जोडण्याचं तंत्र कुठून तरी शोधलं. इंग्रजी मदतीची चार पानं छापून घेतली. अडलेल्या शब्दाखाली लाल रेघ आणि बाजूला पेन्सिलीनं मराठी अर्थ. 'शेअरिंग' या शब्दापुढे त्यांनी आधी 'वाटणी' लिहिलं होतं, मग ते खोडून 'सोबत' लिहिलं होतं. मराठीचा शिक्षक म्हणून मला ते खोडणं फार आवडलं होतं. मी तसं त्यांना सांगितलंही. त्या म्हणाल्या, "वाटणी केली तं कमी होते ना जी. हे कमी नाई होत, हळू होते फक्त."

तर रचना अशी. डोंगल लावलेला पहिला लॅपटॉप बाईंच्या टेबलावर. त्याच्यातून एक निळी वायर निघून दुसऱ्या टेबलावर यायची. त्या दुसऱ्या टोकाला ज्याला काम असेल त्यानं आपला लॅपटॉप जोडायचा. पहिला चालू असेतो दुसरा चालणार, पहिला बंद पडला की दुसराही गेला. म्हणून कोणी दुसऱ्या टोकाला बसलं असेल तोवर बाई आपल्या लॅपटॉपसमोरून उठत नसत. तो झोपू नये म्हणून मधूनमधून त्याला बोट लावत. डबाही तिथेच.

सोबत एक शंभर पानी वही. दुसऱ्या टोकाला बसणाऱ्यानं नाव, काम, आल्याची वेळ, गेल्याची वेळ लिहून सही करायची. "सिम माझ्या नावाचं आहे," त्या सांगायच्या, "कोण काय करून राह्यलं ते मले माहीत पाह्यजे."

या वहीवरून सर लोक हसायचे. पण सही करायचे, कारण सही केल्याशिवाय बाई वायर हातात देत नसत.

ललिता पुंगाटीचं तिथूनच सुरू झालं. ललिता बारावी सायन्सला होती, एटापल्लीच्याही आतल्या गावातली, इथे होस्टेलवर राहायची. फार कमी बोलायची. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता आणि तिचं जातीच्या दाखल्याचं पान काही केल्या चढत नव्हतं. दुसऱ्या टोकाला ती, पहिल्या लॅपटॉपवर बाई कॉलेजची कुठलीशी माहिती पाठवत होत्या, जी प्राचार्यांना त्याच दिवशी हवी होती. दोन्ही कामं मुंगीच्या पावलांनी चाललेली. बाईंनी आपलं काम थांबवलं. प्राचार्यांचा शिपाई दोनदा विचारायला आला. बाई म्हणाल्या, "सांगा, सुरू आहे." आणि लॅपटॉपला नुसतं बोट लावून बसून राहिल्या. ललिताचं पान चढलं, पावतीचा नंबर आला, तेव्हा बाईंनी तो स्वतःच्या हातावर पेनानं लिहून घेतला. ललिताकडे वही होती तरी. "वही हरपते," म्हणाल्या.

प्राचार्यांची माहिती दुसऱ्या दिवशी गेली. त्याबद्दल बाईंना जे ऐकून घ्यावं लागलं ते त्यांनी ऐकून घेतलं.

त्यानंतर ललिता रोज सुटीनंतर लॅबमध्ये यायची. बाई तिला टायपिंग शिकवायच्या, माउस कसा धरायचा इथपासून. तिला नर्सिंगला जायचं होतं. बाईंनी तिच्यासाठी प्रवेशाची सगळी माहिती काढून ठेवली होती, कुठे किती जागा, किती गुण लागतात. ललिताला मशीनची भीती वाटायची, आपण काही दाबलं आणि बिघडलं तर. बाई सांगायच्या, "हे माणसासारखं नाई, बाई. तू जे केलं तेच हे दाखवते. खोटं नाई सांगत."

संस्थेला रंजनाबाई नकोशा झाल्या त्या तपासणीच्या दिवशी, असं माझं मत आहे. गडचिरोलीहून तपासणीचं पथक यायचं होतं. वीस कम्प्युटर चालू दाखवणं भाग होतं. बोरकुटे सरांनी युक्ती काढली: चौदा बंद मशीनचे नुसते मॉनिटर सुरू करून ठेवायचे, दिवा लागलेला दिसला की पुरे. बोरकुटे सर म्हणजे आमचे उपप्राचार्य, संस्थाचालकांचे जावई. परीक्षेचं सगळं काम त्यांच्याकडे असायचं. बोलायला गोड माणूस.

पथक लॅबमध्ये आलं तेव्हा चौदा मशीनवर चौदा कागद चिकटवलेले होते. प्रत्येकावर बाईंच्या टपोऱ्या अक्षरात: 'बंद. पार्ट मागवला आहे.' आणि अर्ज केल्याची तारीख. सगळ्यात जुनी तारीख चार वर्षांपूर्वीची.

बोरकुटे सर हसत हसत पथकाला म्हणाले, "आमच्या बाई फार प्रामाणिक आहेत." सगळे हसले. पथक गेल्यावर मात्र त्यांनी बाईंना दारात गाठून विचारलं, "बाई, तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"दिवे लावाले सांगतलं होतं जी."

"मग?"

"दिवे लागून होते ना. कागद वरून लावले."

बोरकुटे सर तेव्हाही हसले होते. मी पाहिलं आहे.

प्रॅक्टिकलचे गुण भरण्याचे दिवस आले. बोर्डाच्या साइटवर कॉलेजचं एकच खातं, त्याचा पासवर्ड परीक्षा विभागाच्या टेबलाच्या काचेखाली कागदावर लिहिलेला. ज्याला लागेल तो बघायचा.

त्या दिवशी दुपारी मी दुसऱ्या टोकाला होतो. मराठीच्या तोंडी परीक्षेचे गुण भरत होतो. चार वाजून गेले असतील. बोरकुटे सर आपला लॅपटॉप काखेत घेऊन आले. म्हणाले, "झालं का सर?" माझं झालं होतं, नसतं झालं तरी मी उठलोच असतो. मी वायर काढली, वहीत गेल्याची वेळ लिहिली, चार वीस, सही केली. बोरकुटे सर माझ्या खुर्चीत बसले, वायर त्यांनी आपल्या लॅपटॉपला लावली. रंजनाबाईंनी वही त्यांच्यापुढे सरकवली.

"बाई, मी काय विद्यार्थी आहे का सही करायला?" सर म्हणाले.

मी हसलो. ते हसणं मला नीट आठवतं, कारण ते खरं नव्हतं.

शिपायानं चहा आणला होता. मी कप घेऊन सरांच्या मागेच खिडकीशी उभा होतो. त्यांनी बोर्डाची साइट उघडली. फिजिक्स प्रॅक्टिकलच्या गुणांचा तक्ता पडद्यावर आला. ते एकेक नाव खाली सरकवत होते. मी चहा संपवला, कप खिडकीत ठेवला आणि बाहेर पडलो. बाई पहिल्या लॅपटॉपसमोर बसून हॉलतिकिटं उतरवत होत्या.

निकाल लागला तेव्हा ललिताला फिजिक्सच्या प्रॅक्टिकलमध्ये तीसपैकी बारा होते. बारा सहसा कोणाला पडत नाहीत. वर्गात पाय न ठेवलेल्या पोरांनाही बहुतेक वेळा वीस देतात. आणि तिच्याच वरच्या ओळीत, गावातल्या एका कंत्राटदाराच्या मुलाला, ज्यानं वर्षभरात प्रॅक्टिकलची वही केली नव्हती, अठ्ठावीस. ललिताचा बाप होस्टेलच्या वॉर्डनला सोबत घेऊन कॉलेजात आला. त्याला मराठी जेमतेम यायची. तो ऑफिसच्या दारात उभा राहून एकच वाक्य गोंडीत बोलत राहिला आणि वॉर्डन ते मराठीत सांगत राहिला: पोरीनं प्रयोग केले आहेत, वही आहे, बघा. वॉर्डन लिहिणारा माणूस होता. त्यानं वर तक्रार पाठवली. चौकशी लागली.

कागदावर निघालं ते असं: दोघांचे गुण आधी बरोबर भरले होते, ललिताला अठ्ठावीस, त्या मुलाला बारा. मग त्या दिवशी चार वाजून चाळीस मिनिटांनी कोणी तरी खातं उघडून त्यांची अदलाबदल केली. ज्या कनेक्शनवरून केली ते कनेक्शन रंजना खोब्रागडे यांच्या नावावर.

चौकशीच्या आदल्या दिवशी प्राचार्यांनी मला व्हरांड्यात थांबवलं. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्या नेमणुकीच्या मान्यतेची फाइल वर गेली आहे ना? येईल, येईल. संस्था पाठीशी आहे तुमच्या." एवढंच. मला वाटलं तेव्हा, की यात धमकी कुठे आहे? आजही कोणी विचारलं तर मला दाखवता येणार नाही.

चौकशीला आलेले साहेब वाईट नव्हते. थकलेले होते आणि उजेड असेतो त्यांना परत निघायचं होतं. प्राचार्यांच्या खोलीत बसले. बाजूला प्राचार्य, पलीकडे परीक्षाप्रमुख म्हणून बोरकुटे सर. रंजनाबाई उभ्या. मी दाराजवळ, साक्षीला.

बाईंनी खडू मागितला. खोलीत एक छोटा फळा होता, त्यावर त्यांनी दोन चौकोन काढले, मधे रेघ, आणि पहिल्या चौकोनातून बाहेर जाणारी एक लांब रेघ.

"साहेब, हा माझा लॅपटॉप. हा दुसरा. दुसऱ्याचं काम माझ्यातून जाते. बाहेरून पाह्यलं तं एकच पत्ता दिसते, माझा. आत दोन आहेत. चार चाळीसले मी हॉलतिकिटं काढून राह्यली होती. दुसऱ्या टोकाले बोरकुटे सर होते."

साहेबांनी फळ्याकडे पाहिलं. "म्हणजे पत्ता तुमचाच आहे ना?"

"पत्ता माझा आहे. हात माझा नाई."

"दुसऱ्याला जोडायची परवानगी कोणी दिली? लेखी आहे?"

"तोंडी आहे. सगळ्यांचं काम त्याच्यावरच झालं, साहेब. वर्षभर."

प्राचार्य म्हणाले, "आम्हाला या तांत्रिक बाबींची कल्पना नव्हती."

बोरकुटे सरांचा लॅपटॉप तपासा, असं बाई म्हणाल्या. सर म्हणाले की त्यात व्हायरस शिरला होता म्हणून मागच्याच महिन्यात सगळं पुसून नव्यानं टाकावं लागलं. हळहळत म्हणाले.

मग साहेबांनी वही उघडली. "शेवटची सही मराठीच्या सरांची आहे. सर, तुम्ही तिथे होता. तुम्ही उठलात त्यानंतर तिथे कोण बसलं?"

बोरकुटे सर माझ्याकडे पाहत नव्हते. ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. बाई माझ्याकडे पाहत होत्या, अगदी निर्धास्त. त्यांना वाटत होतं की आता मी सांगीन आणि हे संपेल.

मी म्हणालो, "मी निघालो होतो. माझं लक्ष नव्हतं."

बाईंच्या चेहऱ्यावर राग आला नाही. काल चालू असलेलं मशीन आज उघडेना की त्या जशा पाहायच्या तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

साहेबांनी चष्मा काढला. "मग प्रश्न असा येतो सर, की वहीप्रमाणे शेवटचे तुम्हीच. वेळ लिहिण्यात मागंपुढं होऊ शकतं. तुमच्याकडून काही चुकून..."

बोरकुटे सरांचा पेपरवेट थांबला. खोलीत ती एक वाट उघडी झाली होती, बाईंनी नुसतं गप्प राहायचं होतं. पुढचं सगळं माझ्यावर आलं असतं, निदान अर्धं तरी.

"सर नाई जी," रंजनाबाई म्हणाल्या. "सरांनी माझ्यासमोर तार काढली. चार वीसले. चहा पिऊन बाहेर गेले ते. त्यांनी काईच केलं नाई."

"नक्की?"

"नक्की."

"म्हणजे चार चाळीसला तिथे तुमच्याशिवाय कोणी नव्हतं?"

"बोरकुटे सर होते."

"त्यांची सही?"

"त्यांनी केली नाई."

साहेबांनी वही मिटली. मला जायला सांगितलं. मी त्या खोलीतून बाहेर आलो आणि सरळ नळावर जाऊन पाणी प्यायलो, हे मला आठवतं. पुष्कळ प्यायलो.

बाईंना आधी घरी बसवलं, मग महिन्याभरात सेवा समाप्तीचं पत्र दिलं. पत्रात 'विश्वासाचा भंग' असे शब्द होते. मधल्या काळात त्या एकदा कपाटाच्या किल्ल्या द्यायला कॉलेजात आल्या होत्या. त्याच दिवशी ललिता दाखला न्यायला आली होती. व्हरांड्यात दोघी समोरासमोर आल्या. मी वर्गाच्या दारात होतो.

ललितानं विचारलं, "बाई, माझे गुण तुम्ही काऊन बदलवले?"

"मी नाई बदलवले, ललिता."

"कागदावर तुमचं नाव आहे, बाई."

रंजनाबाईंनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. एका लायनीवर दोन लॅपटॉप, बाहेरून एकच पत्ता, हे सगळं त्यांनी त्या पोरीला कितीतरी वेळा समजावलं असेल. पण मशीन खोटं सांगत नाही हेही त्यांनीच शिकवलं होतं. ललिता वाट पाहून निघून गेली. तिचे गुण पुढे दुरुस्त झाले, तोवर नर्सिंगच्या याद्या बंद झाल्या होत्या. ती बापासोबत मिरची तोडायला तेलंगणात गेली असं वॉर्डन सांगत होता. पुढचं मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

त्या पावसाळ्यात मी एकदा बाईंच्या घरी गेलो, नागेपल्लीला. माफी मागायची असं वाटेत ठरवलं होतं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली टेबलावर त्या चार इंग्रजी पुस्तकांच्या झेरॉक्स. सासूबाई खाटेवर होत्या, त्यांनी विचारलं, "हे कोणते सर?" बाई म्हणाल्या, "कॉलेजचे." चहा दिला. मी हवापाण्याचं बोलत राहिलो.

शेवटी त्याच म्हणाल्या, "सर, एक अर्ज लिहून द्या. वर पाठवीन म्हणते. माझी भाषा गावठी आहे, तुमची चांगली आहे."

मी तिथेच बसून अर्ज लिहिला. दोन पानी. मन लावून लिहिला, आजवर मी लिहिलेल्या अर्जांत तो सगळ्यात चांगला असेल. त्यांची सेवा, त्यांचं स्वकष्टानं मिळवलेलं ज्ञान, कनेक्शनची तांत्रिक बाजू, सगळं शुद्ध आणि मुद्देसूद. बाईंनी तो सावकाश वाचला, ओळीवर बोट ठेवून. शेवटपर्यंत आल्यावर पुन्हा पहिलं पान काढलं, मग पुन्हा दुसरं.

"याच्यात तुमचं नाव कुठी नाई," त्या म्हणाल्या.

"अर्ज तुमचा आहे ना, बाई."

"हो," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे." आणि घडी घातली.

त्यांनी तो पाठवला की नाही ते मला कळलं नाही. त्यानंतर दोन महिन्यांनी माझी मान्यता आली. बोरकुटे सर पुढे प्राचार्य झाले. कॉलेजला आता फायबरची लाइन आहे, लॅबमध्ये वाय-फाय आहे, आणि काही बिघडलं की अहेरीहून माणूस येतो. तो येईपर्यंत आम्ही सरकारला शिव्या देत बसतो.

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून माझे मेव्हणे आले होते. त्यांना वाघ बघायचा होता, म्हणून सगळे मोहर्लीला गेलो, एका रिसॉर्टवर उतरलो. सकाळची सफारी करून परत आलो. वाघ दिसला नव्हता म्हणून मेव्हणे चिडलेले होते. मंडळी नाश्त्याला बसली आणि मी सहज मागच्या अंगाला गेलो. तिथे एक टेम्पो उभा होता आणि तपकिरी गणवेशाचा ॲप्रन घातलेली एक बाई धुवायच्या चादरींचे गठ्ठे त्यात चढवत होती. केस बरेच पांढरे झाले होते. मी ओळखलं आणि मागे फिरणार होतो, पण त्यांनी आधी ओळखलं होतं.

"सर. कसे आहात जी? घरची बाई बरी आहे? लेकरं?"

मी सगळ्याची उत्तरं दिली. त्यांचं विचारलं. सासूबाई गेल्या. इथे भाचीच्या ओळखीनं लागल्या, तीन वर्षं झाली. जेवण इथेच असते, बरं आहे.

"बाई," मी म्हणालो. इतक्या वर्षांत तोंडातल्या तोंडात शंभरदा घोळवलेलं वाक्य होतं. "त्या दिवशी चौकशीत तुम्ही मला वाचवलंत. आणि मी..."

रंजनाबाईंनी हातातला गठ्ठा टेम्पोच्या फळीवर टेकवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी काहीतरी चुकीचं वाचून दाखवलं होतं.

"मी तुमाले वाचवलं नाई, सर," त्या म्हणाल्या. "तुम्ही चार वीसले उठले, म्हणून उठले म्हणून सांगतलं. नसते उठले तं तसं सांगतलं असतं. तुमच्यासाठी नाई केलं ते काई."

आवाजात काहीच नव्हतं. त्यांनी गठ्ठा आत ढकलला, पुढचा उचलला. आतून कोणीतरी हाक मारली, "मावशी, आठ नंबरचा रूम खाली झाला." त्या "आली" म्हणाल्या आणि हात ॲप्रनला पुसत पायऱ्या चढून गेल्या. मागे वळून पाहिलं नाही. वळून बघण्यासारखं काही नव्हतंही.

मी टेबलाशी परत आलो तेव्हा बायकोनं विचारलं, "कोणाशी बोलत होतात एवढं?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "इथली कामवाली. चादरी बदलून मिळतील का विचारत होतो."